हालचालीचे भय आणि अभय

गुडघ्याची शस्त्रक्रिया यशस्वी होते, एक्स-रेमध्ये सांधा जागच्या जागी दिसतो, टाके कोरडे असतात आणि तरीही रुग्ण पाय वाकवायला धजत नाही. फिजिओथेरपिस्टचा हात टाचेखाली गेला की मांडी ताठ होते, श्वास अडकतो आणि ‘आज नको, उद्या करू’ हे शब्द तोंडातून निघतात. दुखते म्हणून पाय हलत नाही, एवढेच कारण असते तर वेदनाशामक गोळीने तो हलायला हवा होता. पुष्कळदा तसे होत नाही. कळ येईल, टाका उसवेल, सांधा निखळेल, पुन्हा पडायला होईल ही धास्तीच पायाला धरून ठेवते. वैद्यकशास्त्राने १९९० मध्ये या धास्तीला कायनेसिओफोबिया असे नाव दिले आणि लगेचच ती मोजण्यासाठी टॅम्पा मापनपट्टी तयार झाली. तिच्यात १७ विधाने असतात, प्रत्येकाला १ ते ४ गुण मिळतात. एकूण गुण १७ ते ६८ यांच्या दरम्यान येतात आणि ३७ च्या वर गेले की भीती जास्त आहे असे धरतात.

मोजता आले तरी एक जुना प्रश्न शिल्लक राहतो. भय कशाने जाते? ते अज्ञानातून आलेले असेल तर समजावून सांगितल्याने जायला हवे. तो मनाचा दुबळेपणा असेल तर निश्चयाने जायला हवे. आणि ते देहाचे स्वतःचे शहाणपण असेल, तर ते घालवणेच अयोग्य ठरेल. या तिन्ही बाजूंनी भारतीय आणि पाश्चात्त्य विचारवंतांनी भरपूर मंथन केले आहे. शस्त्रक्रिया झालेला गुडघा हे त्या विचारांची पारख करण्याचे उत्तम ठिकाण आहे, कारण इथे भयाचा परिणाम अंशांत आणि आठवड्यांत दिसतो.

एरवी दुखापतीनंतरचे भय माणसाला वाचवते. मोडलेला हात माणूस गळ्यात बांधून ठेवतो, आणि ते बरोबरच असते. कृत्रिम सांधा बसवल्यानंतरचे गणित वेगळे आहे. बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात, कारण सांधा वजन घेण्यास तयार असतो. मात्र सांध्यातली सूज मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणाऱ्या चेतासंदेशांना आतूनच आवर घालते. इच्छा असूनही पाय उचलवत नाही आणि पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्यावर येऊ शकते. त्यात भीतीने पाय स्थिर ठेवला की आतला व्रणतंतू घट्ट होऊ लागतो. सपाटीवर चालायला गुडघा सुमारे ६५ ते ७० अंश वाकावा लागतो, जिना चढायला ८५ ते ९०, खुर्चीतून सहज उठायला साधारण ९५ ते १०५. सुरुवातीच्या आठवड्यांत हे अंश मिळवले नाहीत तर पुढे भूल देऊन सांधा वाकवून द्यावा लागू शकतो. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवून पडून राहणे फार सुखाचे वाटते, पण त्यानेच गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि चालताना कायमची लचक राहू शकते. भयाने मागितलेली विश्रांती अशा रीतीने नव्या भयाला कारण होते: हालचाल नाही म्हणून ताकद नाही, ताकद नाही म्हणून पाय लटपटतो, लटपटतो म्हणून भीती वाढते. व्लायन आणि लिंटन या संशोधकांनी २००० मध्ये दीर्घकालीन वेदनेसंबंधी या चक्राची जी मांडणी केली, ती आज गुडघ्याच्या रुग्णालाही लागू केली जाते.

देह आणि मन यांची ही गुंफण भारतीय दर्शनांनीही ओळखली होती. सांख्य दर्शनाच्या सांख्यकारिकेत पहिल्याच कारिकेत त्रिविध दुःखाचा उल्लेख आहे. भाष्यकारांनी त्यातल्या आध्यात्मिक दुःखाचे शारीर आणि मानस असे दोन प्रकार केले. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाच्या समासात शरीराच्या व्याधींची मोठी यादी दिली आहे. ज्वर आणि शोक, ठणका आणि चिंता ही सगळी एकाच वर्गात बसवण्यात खोल समज आहे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेच्या व्याख्येतही, १९७९ च्या मूळ मांडणीपासून २०२० च्या सुधारित मांडणीपर्यंत, वेदना हा इंद्रियांचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव मानला आहे, आणि ऊतींना इजा झालीच असली पाहिजे अशी अट घातलेली नाही. ‘तुमचे दुखणे मनाचे आहे’ असे रुग्णाला सुनावणारे नातेवाईक या दोन्ही परंपरांच्या कसोटीवर चुकतात. दुखणे खरेच असते. त्याचा अर्थ मात्र तपासून घ्यावा लागतो.

अर्थ तपासण्याचा नमुना अद्वैत वेदान्ताने दिला. अंधुक उजेडात दोरी साप भासते, छाती धडधडते, दिवा आणला की साप नाहीसा होतो. साप गेला असे म्हणणेही चुकीचे, कारण तो कधी नव्हताच. गौडपादांपासून पुढे हा दृष्टान्त अद्वैताचा आधार बनला. गुडघ्याच्या रुग्णाला तो निम्माच लागू पडतो, आणि तो कुठे लागू पडत नाही हे समजणे जास्त महत्त्वाचे आहे. इथे दोरीही आहे आणि क्वचित खरा सापही असतो. व्यायाम करताना जाणवणारा ताण, वाकवण्याच्या शेवटच्या टप्प्यावरची कळ, रात्रीचा ठणका, जखमेच्या बाहेरच्या बाजूला त्वचेचा बधिरपणा हे बरे होण्याच्या वाटेवरचे अपेक्षित अनुभव आहेत. व्यायामानंतर वाढलेले दुखणे थोड्या वेळात पूर्वपदावर येत असेल तर हालचालीने काही बिघडलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही सूज आणि दुखणे वाढलेलेच असेल तर मात्रा जास्त झाली, ती कमी करायची. पोटरी दुखून सुजणे, दम लागणे, छातीत दुखणे, ताप, जखमेतून पू, अचानक पायावर भारच न देता येणे ही मात्र वेगळी जात आहे. तिथे धीर धरणे हा गुण राहत नाही, ताबडतोब डॉक्टरांकडे जायचे असते. वेदान्ताने साधकाकडे सर्वांत आधी मागितलेला गुण विवेक आहे. इथे त्याचा अर्थ दुखणे आणि इजा यांतला भेद ओळखणे. ज्या रुग्णाला हा भेद नेमक्या शब्दांत कुणी सांगितलेलाच नाही, त्याला भित्रा म्हणणे अन्याय आहे.

भेद सांगितला, रुग्णाला पटलाही, आणि तरी पाय उचलत नाही. असे का व्हावे? याचे उत्तर वेदान्ताच्याच एका ग्रंथात आहे. चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या पंचदशीतल्या सातव्या प्रकरणात असा विचार येतो की, दोरी ही दोरीच आहे हे कळल्यावरही अंगाचा कंप हळूहळूच शमतो, आणि तीच दोरी पुन्हा अंधारात टाकली तर ती पुन्हा साप वाटू शकते. ज्ञानमार्गाच्या आचार्याने ज्ञानानंतरच्या थरथरीला दिलेली ही मान्यता फार मोलाची आहे. जाणणे एका क्षणात घडते, देहाला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ लागणे हा ज्ञानाचा पराभव नसतो. पतंजली आणखी एक पाऊल पुढे जातात. योगसूत्रांत पाच क्लेशांतला शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला घट्ट चिकटण्याची वृत्ती आणि तिच्यामागचे मरणभय, हा विद्वानातही तितकाच रुजलेला असतो असे म्हटले आहे. आयुष्यभर इतरांचे सांधे दुरुस्त करणाऱ्या सर्जनलाही स्वतःचा गुडघा वाकवताना घाम फुटू शकतो, यात नवल नाही. म्हणूनच आकृती, चित्रफीत, माहितीपत्रक देऊन जबाबदारी संपली असे मानणे अपुरे आहे. आप्तवाक्य, म्हणजे जाणकाराचा शब्द, हे प्रमाण खरे, पण देहाला पटते ते प्रत्यक्ष, स्वतः अनुभवलेले.

प्रत्यक्ष कसे घडवायचे, याबद्दल बौद्ध परंपरेत एक थेट वर्णन मिळते. मज्झिम निकायातल्या चौथ्या, भयभेरव सुत्तात बुद्ध जाणुस्सोणि ब्राह्मणाला बोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. भीती वाटावी अशा वनस्थळी ते मुद्दाम रात्री राहत. एखादे जनावर येई, मोर काटकी पाडी, वारा पाने हलवी आणि भय उभे राही. चालताना भय आले तर ते शमेपर्यंत ते चालतच राहत, थांबत नसत, बसत नसत. उभे असताना आले तर उभेच राहत, बसलेले असताना आले तर बसूनच. या पद्धतीचा गाभा असा की, भयाने जी सुटका सुचवली ती भय शमण्याआधी घ्यायची नाही. नाहीतर सुटकेमुळेच बरे वाटले, असे मन शिकून बसते. आजच्या वर्तनोपचारात भीती वाटणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरे जाण्याची जी रीत आहे, तिचे तर्कशास्त्र याच्याशी जुळते. एक फरक मात्र राखायला हवा. बुद्धांच्या वनात देहाला जखम नव्हती. गुडघ्याच्या रुग्णाने भय ओसरेपर्यंत जोर लावत राहायचे असा याचा अर्थ घेतला तर घात होईल. त्याने पायरीच इतकी लहान निवडायची की तिच्यावर थांबून राहता येईल: आधी घोटा वरखाली हलवणे, मग पाय सरळ ठेवून गुडघा गादीत दाबणे, मग टाच सरकवत हळूहळू वाकवणे, पलंगाच्या काठावर पाय सोडून बसणे, वॉकरने चार पावले, नंतर काठी, आणि पुढे जिना, ज्यात चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. प्रत्येक पायरीवर रुग्ण जे होईल म्हणून घाबरला होता ते झाले नाही, हे त्याने स्वतः पाहणे हाच उपचाराचा मुख्य भाग आहे. किती वाकवायचे ते सर्जन आणि फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेले असते, विशेषतः लिगामेंट (अस्थिबंध) किंवा मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची चकती) शिवलेला असेल तर. त्या मर्यादेच्या आत भय शमेपर्यंत थांबायचे.

अशा सरावाने जुने भय पुसले जाते का? पावलॉवच्या प्रयोगांतच असे दिसले होते की विझलेली सवय काही काळाने पुन्हा डोके वर काढते. आजचे अभ्यासकही भय नष्ट होते असे म्हणत नाहीत. नवा अनुभव त्याच्यावर पकड मिळवतो, असे ते मानतात. योगदर्शनात समाधिप्रज्ञेच्या संदर्भात एक संस्कार दुसऱ्या संस्कारांना रोखतो असे सूत्र आहे. संदर्भ फार वरच्या अवस्थेचा असला तरी रचना ओळखीची आहे. तीन आठवडे छान चाललेला रुग्ण एका रात्री न्हाणीघरात थोडासा घसरतो, आणि सकाळी पहिल्या दिवसासारखा पलंगाला चिकटतो. विद्यारण्यांनी सांगितलेला तो पुन्हा आलेला अंधार. त्या दिवशी त्याला सगळे वाया गेले असे वाटते, पण नवा संस्कार तिथेच असतो, दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा सुरू केले की तो लवकर जागा होतो. पतंजलींनी अभ्यासाला घातलेल्या अटी, दीर्घ काळ, खंड न पडता, आदरपूर्वक, या तिन्हींत शेवटची अट रुग्णालयांत सर्वांत दुर्लक्षित असते. व्यायाम शिक्षेसारखा उरकणारा आणि दुखऱ्या पायाला जपून, मान देऊन वागवणारा, यांच्यात काही आठवड्यांनी पडणारा फरक डोळ्यांना दिसतो. आसनाबद्दल बोलतानाही पतंजलींनी प्रयत्न सैल सोडण्याला महत्त्व दिले आहे. घाबरलेला रुग्ण वाकवणारे आणि सरळ करणारे दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळतो, म्हणजे गाडी पुढे ढकलतानाच ब्रेक दाबून ठेवतो. लांब उच्छ्वास सोडत वाकवायला सांगितले की हा विरोध थोडा ढिला पडतो.

धैर्याची धार्मिक कल्पना इथे कधी कधी उलटी वापरली जाते. विवेकचूडामणीत तितिक्षेचे वर्णन, प्रतिकार न करता आणि चिंता-विलाप न करता दुःख सोसणे, असे आहे. तो मोक्षमार्गावरच्या साधकाचा नियम आहे. त्याचा आधार घेऊन वेदनाशामक नाकारणारे, ‘सहन करायला शिकले पाहिजे’ म्हणणारे रुग्ण असतात, आणि घरात त्यांचे कौतुकही होते. परिणाम उलटाच होतो. दुखणे आवरले नाही म्हणून व्यायाम होत नाही, आणि व्यायाम नाही म्हणून सांधा आखडतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाच्या आधी वेळेवर घेणे यात भ्याडपणा नाही, तो पथ्याचा भाग आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे २६ गुण मोजले आहेत आणि त्यांत पहिले स्थान अभयाला आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी आधी दिलेले दाखले अगदी व्यवहारातले आहेत: जो महापुरात उडीच घेत नाही त्याला बुडण्याचे भय शिवत नाही, जिथे पथ्य पाळले जाते त्या घरात रोगाची पर्वा राहत नाही. अहंकार न धरता केलेले कर्म आणि सर्वत्र एकच आत्मतत्त्व पाहणे हे उंच अर्थ त्यानंतर येतात. अभयाची सुरुवात पथ्यापासून करणे ही दृष्टी रुग्णाच्या खोलीत नेण्यासारखी आहे. तिथे बेदरकारपणाला जागा नाही आणि पांघरूण ओढून पडून राहण्यालाही नाही. ॲरिस्टॉटलनेही धैर्याला भित्रेपणा आणि अविचारी साहस यांच्या मध्ये ठेवले, आणि धैर्याची कृत्ये करत करतच माणूस धीट होतो असे मानले.

स्टोइक विचारवंत एपिक्टेटस स्वतः पायाने अधू होता अशी परंपरा आहे. लंगडेपणा पायाला अडवतो, संकल्पशक्तीला नाही, असे त्याचे मत होते. कायमच्या अपंगत्वात या विचाराने असंख्य माणसांना उभे केले आहे. बऱ्या होत असलेल्या गुडघ्यात मात्र पाय आणि संकल्प इतके वेगळे काढता येत नाहीत. संकल्प अडखळला की पायही तसाच घडतो, काही आठवड्यांत खरोखर कमी वाकणारा. फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती याने १९४५ च्या आपल्या ग्रंथात देहाला एक वस्तू न मानता ‘मला करता येते’ या जाणिवेचे मूळ ठिकाण मानले. निरोगी माणूस खुर्चीतून उठताना गुडघ्याचा विचार करत नाही. तो दाराकडे जातो. शस्त्रक्रियेनंतर ही सलगता तुटते आणि रुग्ण ‘माझा पाय’ ऐवजी ‘हा पाय’ म्हणू लागतो. आत कोबाल्ट-क्रोमियमचा धातू आणि पॉलिथिलीन आहे हे त्याला माहीत असते. बृहदारण्यक उपनिषदात आदिपुरुष एकटा असताना घाबरला, मग आपल्याखेरीज कुणी नाही हे जाणून निर्भय झाला, कारण भय दुसऱ्यापासूनच येते, असा प्रसंग आहे. उपनिषदाला अभिप्रेत असलेले आत्मैक्य गुडघ्याच्या पातळीवर आणणे धाडसाचे होईल. तरी एवढे साम्य खरे आहे की, परका वाटणारा सांधा हातांनी चोळून, डोळ्यांनी पाहून, रोज वापरून आपला झाला की त्याची धास्ती मावळते. पुष्कळ रुग्ण पहिले काही दिवस जखमेकडे बघतच नाहीत. बघायला लावणे हीसुद्धा उपचाराची एक पायरी आहे.

भय एकट्याचे नसते. मराठी घरात आईची शस्त्रक्रिया झाली की सेवा म्हणजे तिला उठू न देणे, असा समज पक्का असतो. पाणी हातात, जेवण पलंगावर, ‘तू पडून राहा’ हे प्रेमाचे वाक्य. मुलांच्या चेहऱ्यावरची काळजी आई वाचते आणि तिला वाटते, आपण खरोखर फुटणार आहोत. दानांत अभयदान श्रेष्ठ, असे जैन आणि वैदिक दोन्ही परंपरा मानतात. या घरात अभयदान म्हणजे आईच्या बाजूला, हात पुढे करून पण तिला न पकडता, चार पावले चालणे. दैवावर भार टाकणाऱ्यांनाही गीतेत आधार आहे. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवे दैव. दैवाला नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे. त्याच्या नावाने बाकीची चार सोडून देता येत नाहीत.

शेवटी काही हालचाली अशा उरतात, ज्यांचा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्माचा असतो. मांडी घालून पूजेला बसणे, साष्टांग नमस्कार, नमाजातला सजदा, गोव्याच्या चर्चमध्ये गुडघे टेकणे. कृत्रिम गुडघा अनेकदा ११० ते १२० अंशांच्या आसपास थांबतो, त्यामुळे पूर्ण मांडी किंवा उकिडवे बसणे बहुतेकांना जमत नाही, आणि अनेक सर्जन ते टाळायलाच सांगतात. गुडघे टेकण्याबाबत मात्र रुग्ण बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त घाबरतात. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनच्या संमतीने, मऊ उशीवर टेकून पाहिले तर पुष्कळांना ते जमते. बधिर त्वचेमुळे विचित्र वाटते, त्याने सांधा बिघडत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी परंपरांनी आधीच वाट ठेवली आहे. इस्लाममध्ये आजारी माणसाने बसून, तेही शक्य नसेल तर आडवे होऊन नमाज पढावी असे हदीसमध्ये आहे. हिंदू उपासनेत मानसपूजेला पूर्ण पूजेचा मान आहे. कॅथलिक चर्चमध्ये ज्यांची प्रकृती साथ देत नाही त्यांना टेकण्याची सक्ती नाही. खुर्चीवर बसून केलेली पूजा कमी प्रतीची, ही खंत अनेक वृद्धांच्या मनात सलत असते, आणि तिच्यापोटी कुणी नको तितका गुडघा वाकवून बसतो, तर कुणी देवघरात जाणेच सोडतो. हे दोन्ही टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या आधीच, कुठली हालचाल परत येईल आणि कुठली येणार नाही, याची उघड चर्चा सर्जनशी आणि घरच्यांशी व्हायला हवी.